प्रार्थना कोणी करावयाची ?
(कै. नारायण वामन टिळक आणि साताऱ्याचा देवाचा दरबार)

आमच्या शहरांतून प्रार्थना ही मक्त्यानें देण्याची वस्तु झाली आहे. घरीं सत्यनारायण असला म्हणजे भटजी पोथी वाचतात, यजमान दुकानाच्या किल्ल्या कमरेला लावून मधून मधून पळीभर पाणी सोडतात, आणि जमलेली मंडळी शिऱ्याचा वास कोठवर आला याचा अंदाज घेत बसते. पेढीच्या उद्घाटनास भजनी मंडळ बोलावलें तर गाणें मंडळानें गावयाचें, ऐकणें ध्वनिक्षेपकानें सक्तीनें ऐकवावयाचें, आणि मालकानें पाकीट द्यावयाचें. ख्रिस्ती देवळांत तरी निराळा प्रकार असेल अशी पुष्कळांची समजूत असते. पण तेथेंही पाळकानें डोळे मिटून दहा मिनिटें बोलावें आणि बांकावर बसलेल्यांनीं शेवटीं आमेन म्हणून मोकळें व्हावें, अशी उपासना कांहीं थोडी होत नाहीं. एकानें प्रार्थना करावयाची आणि शंभरांनीं ती ऐकावयाची, हिला सामुदायिक प्रार्थना म्हणावें काय, हा प्रश्न कोणत्याही एका धर्माचा नाहीं. ज्या गृहस्थानें हा प्रश्न आपल्या आयुष्याचा प्रश्न केला, त्याचे शेवटचे दिवस आमच्या साताऱ्यांत गेले. साताऱ्यास येणाऱ्यास अजिंक्यतारा दाखवितात, सज्जनगडाची वाट दाखवितात. नारायण वामन टिळकांचें नांव मात्र फारसें कोणी काढीत नाहीं. म्हणून त्यांचें चरित्र आज आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहों.

हे टिळक लोकमान्य नव्हेत, हें तरुण वाचकांसाठीं सांगावें लागतें. हे रेव्हरंड टिळक. फुलांचे व मुलांचे कवि म्हणून शाळेच्या पुस्तकांतून ज्यांची ओळख महाराष्ट्रास झाली ते. त्यांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ रोजीं रत्नागिरी जिल्ह्यांतील करजगांव येथें झाला. वडील सरकारी नोकरींतले व कडक स्वभावाचे. कवितेची गोडी लागली ती आईकडून. ती आई लहानपणींच वारली. पुढें मुलगा नाशकास आला व तेथें गणेशशास्त्री लेले यांच्याजवळ संस्कृत शिकला. इंग्रजी शाळेंतलें शिक्षण बेताचेंच झालें. बाकीचें त्यांनीं स्वतःच्या हिमतीवर मिळविलें. १८८० च्या सुमारास नाशकाजवळील जलालपूरच्या गोखल्यांच्या मुलीशीं त्यांचें लग्न झालें. ही मुलगी म्हणजेच पुढें स्मृतिचित्रें लिहिणाऱ्या लक्ष्मीबाई.

लग्न झालें तरी टिळकांचा पाय एका ठिकाणीं ठरेना. कोठें मास्तरकी, कोठें कीर्तन, कोठें व्याख्यान, कोठें छापखान्यांतलें काम, असा त्यांचा क्रम कित्येक वर्षें चालला. नागपुरास अप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयानें त्यांनीं संस्कृत ग्रंथांचें काम केलें व ऋषि नांवाचें मासिक चालविलें. डोक्यांत एकच विचार घोळत असे : या देशास जातिभेद नसलेला, मूर्तीवांचून चालणारा, पण भक्तीनें ओथंबलेला असा एकादा धर्म पाहिजे. तो आपणच काढावा असेंही त्यांस वाटे. अशा मनःस्थितींत नागपुराहून राजनांदगांवाकडे जातांना आगगाडीच्या डब्यांत एका अनोळखी युरोपियन गृहस्थाची गांठ पडली. त्यानें नवा करार हातीं दिला. डोंगरावरील प्रवचनापाशीं टिळक थांबले ते थांबलेच. १० फेब्रुवारी १८९५ रोजीं मुंबईंत त्यांनीं बाप्तिस्मा घेतला.

याची किंमत काय पडली हें आजच्या वाचकास सहज कळणार नाहीं. कोंकणस्थ ब्राह्मणाच्या घरांतला कर्ता मुलगा बाटला म्हणजे तो घरच्यांच्या हिशेबीं मेलाच. लक्ष्मीबाईंना माहेरच्या माणसांनीं ठेवून घेतलें, आणि पतिपत्नींची ताटातूट चार-पांच वर्षें राहिली. पुढें त्या नगरास आल्या, तरी प्रथम सोंवळें सांभाळून निराळ्या राहिल्या. टिळकांनीं त्यांस ओढलें नाहीं. जातीची गांठ त्यांनीं स्वतःच्या विचारानें सोडली, आणि १९०० सालीं आपण होऊन बाप्तिस्मा घेतला. दुसऱ्याच्या वतीनें कोणी विश्वास ठेवूं शकत नाहीं, हा धडा टिळक आपल्याच घरांत शिकले असें आम्हांस वाटतें. त्यांचें पुढील सर्व कार्य त्या धड्यावर उभें आहे.

टिळकांची कर्मभूमि अहमदनगर. अमेरिकन मराठी मिशनचें तें मोठें ठाणें. तेथें त्यांनीं पाळक होणाऱ्या विद्यार्थ्यांस शिकविलें. १९०४ सालीं त्यांची स्वतःची पाळकाच्या पदावर दीक्षा झाली. आणि १९१२ पासून ज्ञानोदय पत्राच्या मराठी भागाचें संपादन त्यांजकडे आलें. पण आम्हांस सांगावयाचें आहे तें रविवारच्या उपासनेविषयीं.

नगर जिल्ह्यांतील खेड्यापाड्यांतून जे लोक ख्रिस्ती झाले त्यांत बहुसंख्य त्या काळीं अस्पृश्य मानलेल्या जातींचे होते. शाळेचा उंबरठा त्यांनीं पाहिलेला नव्हता. परंतु एकतारी, टाळ, ओवी, अभंग हें धन त्यांच्या घरीं पिढ्यान्‌पिढ्या होतें. हे लोक देवळांत आले, तेव्हां त्यांच्यापुढें गीतांचें छापील पुस्तक आलें. इंग्रजी चालीवर मराठी शब्द बसविलेले. चाल जेथें जोर देई तेथें मराठी शब्दाचें अंग दुबळें, आणि शब्द जेथें जोर मागे तेथें चाल पुढें निघून गेलेली. ज्यास वाचतां येत नाहीं त्यानें पुस्तक धरावें तरी कसें ? तो उभा राही, ओंठ हलवी, आणि खालीं बसे. उपदेश पाळकाचा, प्रार्थना पाळकाची, गाणें चार शिकलेल्यांचें. रात्रीं आपल्या वस्तींत मोकळ्या गळ्यानें भजन म्हणणारा माणूस दिवसा देवाच्या घरांत मुका होई.

भजनाचा प्रकार निराळा आहे. पुढचा मनुष्य एक चरण टाकतो, मागचे तो उचलतात. पहिल्या वेळीं शब्द कानांत शिरतात, दुसऱ्या वेळीं ओंठांवर येतात, तिसऱ्या वेळीं ते आपलेच होतात. ध्रुवपद पुन्हां पुन्हां येतें म्हणून उशीरां आलेलाही मागें पडत नाहीं. त्याला पुस्तक लागत नाहीं, पेटी नसली तरी चालतें, आणि सर्वांत महत्त्वाचें म्हणजे पुढच्या माणसाचा स्वर बंद झाला तरी गाणें चालूं राहतें. वारीच्या वाटेवर दिंडींत चालणाऱ्या निरक्षर शेतकऱ्यास शेंकडों अभंग पाठ असतात ते याच रीतीनें. टिळक स्वतः कीर्तनकार होते. श्रोत्यांचा गळा कसा मोकळा करावा ही विद्या त्यांस धर्मांतरापूर्वींच अवगत होती. ती त्यांनीं ख्रिस्ती उपासनेच्या कामीं लाविली. तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलों असें ते सांगत असत, आणि तो पूल त्यांनीं मागें पाडून टाकला नाहीं.

ही वाट त्यांनींच प्रथम पाडली असें मात्र नव्हे. गोव्यांत फादर स्टीफन्स या इंग्रज जेजुइटानें सुमारें अकरा हजार ओव्यांचें क्रिस्तपुराण रचिलें. तें १६१६ सालीं छापलें, आणि तेथील देवळांतून लोकांपुढें वाचलें जाई. १६८४ सालीं पोर्तुगीज सत्तेनें लोकभाषेविरुद्ध फर्मान काढलें. त्यानंतर गोव्यांत त्या ओव्यांचें काय होणार हें उघडच होतें. नगरासही टिळकांच्या आधीं कृष्णराव सांगळे यांनीं ख्रिस्ती कीर्तनाचा पायंडा पाडिला होता. पण स्टीफन्सची ओवी ऐकावयाची होती, आणि कीर्तनही मुख्यतः ऐकावयाचेंच. टिळकांनीं लिहिलें तें सर्वांनीं म्हणण्याकरितां. उपासना-संगीत या गीतसंग्रहांत त्यांचीं गीतें इतकीं आहेत कीं, तीं काढून घेतलीं तर मराठी ख्रिस्ती मंडळीस रविवारीं काय गावें असा प्रश्न पडेल. त्यांत ख्रिस्त हा दूरचा राजा नाहीं, गुरु आहे, माउली आहे. ज्या शब्दांनीं वारकरी विठोबास हांक मारतो त्याच शब्दांनीं येथें ख्रिस्तास हांक मारली आहे, आणि म्हणूनच शेतावरची बाईही ती हांक मारतांना अडखळत नाहीं.

येथें एक गोष्ट आमच्या सांगलीकर वाचकांस विशेष कळेल. १८४३ सालीं विष्णुदास भाव्यांनीं सांगलीस सीतास्वयंवर केलें, तेव्हां पदें म्हणण्याचें काम सूत्रधाराचें असे. राम-सीता रंगभूमीवर हजर, पण गळा सूत्रधाराचा. नाटकास तें शोभलें. देवळांत मात्र पुष्कळ ठिकाणीं तेंच नाटक आठवड्यास एक प्रयोग या प्रमाणें चालूं आहे. चांगला सूत्रधार मिळाला कीं मंडळी खूष ! वास्तविक उपासना चालविणाऱ्याची परीक्षा त्याच्या आवाजावरून करूं नये. त्यानें चरण टाकल्यावर मागून किती आवाज आले, आणि त्यांत म्हाताऱ्यांचे, पोरांचे, बेसूर गळ्यांचे किती, हें मोजावें. टिळक स्वतः फार मोठे गवई होते असा कोणाचा दावा नाहीं, आणि त्यामुळें काम अडलें असेंही कोठें दिसत नाहीं.

यांत एक सामाजिक धगही होती. चित्पावन ब्राह्मण, शास्त्र्यांजवळ शिकलेला. तो जमिनीवर महार-मांगांच्या पंक्तीस बसतो, चरण टाकतो, आणि त्यांच्या तोंडून तो परत घेतो. पंक्तिभोजनावरून या महाराष्ट्रांत केवढीं वादळें झालीं तें वाचकांस ठाऊक आहे. एकाच शब्दाला एकाच वेळीं तोंड लावणें हीही पंगतच आहे. ख्रिस्ती झाल्यानें जात सुटली असें लोक म्हणत ; पण ती देवळाच्या बांकांवर येऊन बसली होती, आणि टिळक त्याविरुद्ध सतत लिहीत व बोलत. त्यांचें घरही असेंच उघडें होतें. बालकवि ठोमरे त्यांच्या घरीं मुलासारखे राहिले, टिळकांच्या सहवासांत त्यांची कविता फुलली, आणि ठोमरे जन्मभर हिंदूच राहिले. १९१८ सालीं आगगाडीखालीं सांपडून त्या तरुण कवीचा अंत झाला तो घाव टिळकांच्या घरावरही बसला.

आतां साताऱ्याकडे वळूं. १९१७ सालीं, वयाच्या ५५ व्या वर्षीं, टिळकांनीं मिशनची पगारी चाकरी सोडली आणि ख्रिस्ती संन्यास घेतला. आमचे व्यापारी वाचक या गोष्टीचा हिशेब आमच्यापेक्षां चांगला करतील. शिल्लक नाहीं, इस्टेट नाहीं, बायको व घर पाठीशीं, प्रकृति खालावलेली, आणि ज्या वयांत मनुष्य निवृत्तीवेतनाचा कागद पाहूं लागतो त्या वयांत दरमहाची निश्चित रक्कम सोडून द्यावयाची. त्यांचें म्हणणें असें कीं, परदेशी पैशावर पोसलेल्या माणसाच्या तोंडची प्रार्थना हिंदी माणसास भाडोत्री वाटते. तें खरें असो वा नसो, बोलणारे पुष्कळ होते आणि पगार सोडणारा हा एक निघाला. मिशनशीं त्यांनीं भांडण केलें नाहीं, जुन्या स्नेह्यांस तोडलें नाहीं, आणि ज्ञानोदयाचें कामही टाकलें नाहीं.

त्यांनीं गांव निवडलें तें सातारा. छत्रपतींची राजधानी, समर्थांच्या समाधीच्या शेजारचें शहर, कृष्णा-वेण्णांच्या संगमाजवळचें. तेथें दरबार शब्दाला एक वजन आहे, आणि टिळकांनीं आपल्या संस्थेस नांव दिलें देवाचा दरबार. त्याच सुमारास याच जिल्ह्यांत सत्यशोधक मंडळी पुरोहितावांचून लग्नें लावीत होती, आणि १९१९ सालीं भाऊराव पाटलांनीं कऱ्हाड तालुक्यांतील काले येथें रयत शिक्षण संस्था काढली. यांचा एकमेकांशीं संबंध होता असें आम्ही म्हणत नाहीं. पण मध्यस्थ दूर करून रयतेच्या हातीं कांहीं तरी द्यावें, ही हवा त्या वेळीं या जिल्ह्यांत होती खास.

दरबाराचें तत्त्व एका वाक्यांत सांगतां येतें. ज्यांनीं बाप्तिस्मा घेतला आहे असे, आणि ज्यांनीं घेतलेला नाहीं असे, ख्रिस्तावर प्रेम करणारे सर्व एकत्र बसतील, भजन करतील, सेवा करतील. आंत येणाऱ्यास जात सोडावी लागेल, पण घर सोडावें लागणार नाहीं. नांव, पेहराव, चालीरीति बदलाव्या लागणार नाहींत.

यावर दोन्ही बाजूंनीं आक्षेप आले, आणि ते वेडगळ नव्हते. ख्रिस्ती मंडळींतील जुन्या माणसांचें म्हणणें असें कीं, बाप्तिस्मा ही जर ऐच्छिक बाब ठरली तर ज्या गरिबांनीं त्यापायीं गांवचें पाणी गमावलें, मार खाल्ला, त्यांनीं तें कशासाठीं सोसलें ? हा प्रश्न बोचरा आहे, आणि टिळकांच्या उत्साहांत त्याचें पुरतें उत्तर आम्हांस सांपडत नाहीं. हिंदु मंडळींचें म्हणणें असें कीं, ही मासे धरण्याची नवी बारीक जाळी आहे ; भजनाच्या चालीनें कानांत शिरावयाचें आणि मग घरांत. या दुसऱ्या आक्षेपास मात्र टिळकांचें चरित्रच उत्तर देतें. ज्यानें आपल्या बायकोची पांच वर्षें वाट पाहिली आणि आपल्या घरीं वाढलेल्या कवीस त्याच्या धर्मांतच राहूं दिलें, त्यावर फसवेगिरीचा आरोप टिकत नाहीं.

दरबारांत खरी उणीव होती ती दुसरीच. त्याला घटना नव्हती, फंड नव्हता, दुसरा कारभारी नव्हता. सर्व कांहीं एका माणसाच्या प्रेमळपणावर चालावयाचें. टिळक व्यवहाराचे पक्के कच्चे. हातांत येईल तें देऊन टाकावें, संतापावें, लगेच विरघळावें, आणि उद्यांची चिंता लक्ष्मीबाईंवर सोंपवावी, ही त्यांची जन्माची पद्धत. संन्यास त्यांनीं घेतला. चूल पेटविण्याचें काम त्यांनीं संन्यास घेतल्यानें सुटलें नाहीं, तें लक्ष्मीबाईंकडेच राहिलें. साधुपुरुषांच्या चरित्रांत ही बाजू लिहिण्याची आमच्याकडे चाल नाहीं. स्मृतिचित्रांत ती हंसत हंसत लिहिलेली आहे, म्हणून तें पुस्तक प्रत्येक सुधारकानें घरीं ठेवावें आणि शक्य तर पत्नीनें वाचून झाल्यावर वाचावें.

दरबारास दोन वर्षेंही मिळालीं नाहींत. दुखणें वाढलें, टिळकांस मुंबईस नेलें, आणि ९ मे १९१९ रोजीं तेथें त्यांचा देहान्त झाला. त्यांच्या इच्छेप्रमाणें देहाचें दफन न करितां दहन झालें, आणि अस्थि नगरच्या ख्रिस्ती स्मशानभूमींत नेऊन ठेवल्या. त्यांच्यामागें साताऱ्याचा दरबार उठला. विन्स्लो या इंग्रज मिशनऱ्यानें १९२२ सालीं ख्रिस्त सेवा संघ काढला त्यांत हिंदी पद्धतीच्या उपासनेचा आग्रह होता. त्यांनींच पुढल्या वर्षीं टिळकांचें इंग्रजी चरित्र छापलें. निकल मॅक्निकल यांच्या भाषांतरांमुळें टिळकांचीं कांहीं गीतें इंग्लंडांतही पोंचलीं. ज्या चालींच्या जुलमाखालून मराठी मंडळीस त्यांनीं सोडविलें, त्याच चालींत तीं तेथें गाइलीं गेलीं असतील. पण त्यास इलाज नाहीं.

इकडे कृष्णाकांठीं काय राहिलें ? साताऱ्याचें मिशन अमेरिकन मराठी मिशनचें, आणि सांगली-मिरजेचें प्रेस्बिटेरियनांचें. डॉ. वॉन्लेस यांनीं सांगलीस दवाखान्यानें सुरुवात करून १८९४ सालीं मिरजेस रुग्णालय उभें केलें तें याच मिशनचें. संस्था निराळ्या, शिस्त निराळी, १९४९ सालीं दक्षिण सातारा वेगळा झाल्यावर जिल्हेही निराळे. टिळकांचीं गीतें मात्र दोन्हीकडे तींच. मिशनऱ्यांच्या दोन पंथांस जें एका टेबलाशीं बसून जमणें कठीण, तें अभंगानें सहज केलें.

टिळकांनीं ख्रिस्तायन नांवाचें ओंवीबद्ध काव्य आरंभिलें होतें. सुमारें दहा अध्याय झाले आणि लेखणी थांबली. लक्ष्मीबाईंना लग्नाच्या वेळीं अक्षरओळख नव्हती. त्यांनीं तें काव्य पुढें घेतलें आणि चौसष्ट अध्याय रचून पुरें केलें. १९३६ सालीं त्या वारल्या ; १९३८ सालीं ग्रंथ छापून निघाला. टिळकांनीं अनेकांस प्रार्थनेचे शब्द दिले, पण पुढचे शब्द स्वतः रचणारें माणूस त्यांच्याच स्वयंपाकघरांत होतें.

आमची सातारा व सांगली येथील ख्रिस्ती बंधूंस एक विनंति आहे. ९ मे हा दिवस दरवर्षीं येतो. त्या दिवशीं संध्याकाळीं देवळाच्या पटांगणांत सतरंज्या टाकाव्या, ध्वनिक्षेपक कुलुपांत ठेवावा, आणि टिळकांचीं दहा-बारा भजनें म्हणावीं. चरण टाकण्यास पाळकानें बसूं नये. मंडळींतल्या एकाद्या वृद्ध बाईस बसवावें. गांवांतील इतरांस आमंत्रण द्यावें, आणि आलेल्यास जात वा धर्म विचारूं नये. तंबोरा मिरजेस उत्तम मिळतो. टाळांची तरतूद करण्यास आमच्या पेठेंतील व्यापारी वाचक पुढें येतील अशी आम्हांस आशा आहे. मात्र टाळ देऊन त्यांनीं दुकानाकडे परत फिरूं नये, चार भजनें होईपर्यंत सतरंजीवर बसावें.